नाणं, तार, टपालपेटी: हळहळीच्या पुढचा प्रश्न

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही टपाल खात्याची स्वतंत्र सेवा उरली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. बातमी आली तेव्हा खूप हळहळ व्यक्त झाली. कुणाला नेमणुकीचं पत्र आठवलं, कुणाला पोचपावतीचं कार्ड, कुणाला सही घ्यायला दारात थांबलेला पोस्टमन. ही हळहळ खरी होती. पण तिच्यात एक साधा प्रश्न माझ्या वाचनात फारसा आला नाही. रजिस्टर पत्राचा दर वजनावर ठरत असे, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की लडाखला. स्पीड पोस्ट मुळात महाग, आणि तिथे वजन वाढलं की अंतराप्रमाणे दरही चढतो. नोंदणी आता त्यावर जादा पैसे भरून घ्यायची सोय झाली आहे. मग दूरच्या माणसाला पुराव्यासह कागद पाठवणं ज्यांना परवडत नाही, त्यांनी काय करायचं?

'रजिस्टर एडीने नोटीस पाठवली' हे वाक्य आपल्याकडे अनेक घरांमध्ये बोललं गेलं आहे. जमिनीचा वाद, भाडेकरू, न वटलेला चेक, वारसांची हरकत अशा प्रत्येक ठिकाणी ती पावती पुरावा ठरायची. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २७ नुसार बरोबर पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोचला असं धरलं जातं. सव्वाशे वर्षं जुन्या त्या तरतुदीमुळे वकील नसलेल्या माणसालाही कमी पैशात कायद्यासमोर उभं राहता येत होतं. आपण पोचपावतीच्या कार्डाचा रंग आठवला, ही ताकद मात्र आठवली नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. रोजच्या वापरातल्या ज्या वस्तूंमधून देश आपल्या हाताला लागतो, म्हणजे नाणं, तिकीट, टपालपेटी, रेडिओची धून, झेंडा, त्यांच्यावर आपला जीव जडतो आणि तो जडणं चांगलंच आहे. पण त्यातली एखादी वस्तू जाते तेव्हा आपण तिच्या रूपासाठी हळहळतो आणि तिने दिलेली हमी विसरून जातो. सरकारलाही ते सोयीचं असतं. रूप जपायला एखादं संग्रहालय किंवा विशेष तिकीट पुरतं. हमी जपायची तर दरवर्षी पैसा आणि माणसं लागतात.

या वस्तू राष्ट्रीय कशा झाल्या ते पाहण्यासारखं आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं टपालतिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालं. साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेलं. तेव्हा राज्यघटना लिहून व्हायची होती, फाळणीचे निर्वासित छावण्यांमध्ये होते, कित्येक संस्थानांचा प्रश्न सुटायचा होता. तरीही कुणाला तरी वाटलं की पत्रावरचा राजा आधी बदलला पाहिजे. नाण्यांना मात्र वेळ लागला. सिंहशीर्षाची नाणी आली १५ ऑगस्ट १९५० ला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं लोकांच्या लिफाफ्यावर तिरंगा होता आणि खिशात सहावा जॉर्ज. प्रजासत्ताकाच्या पहिल्या रुपयावर एका बाजूला सारनाथचे सिंह आले, दुसऱ्या बाजूला धान्याची कणसं.

सरकार एवढंच करू शकतं, नाण्यावर सिंह ठेवू शकतं. त्या सिंहाबद्दल माया वाटावी असा हुकूम काढता येत नाही. ती वापरातून येते. वस्तू सगळीकडे तीच असते, तिला पर्याय नसतो आणि ती माणसाच्या अगदी खासगी क्षणी दारात येते. मुलगा पास झाल्याची तार, वडील गेल्याची तार. अनेक मराठी घरांत 'तार आली' एवढं ऐकूनच बायका रडायला लागत, मजकूर नंतर वाचला जाई. ती भीती आणि तो आनंद ज्याचा त्याचा होता, पण कागद सरकारी होता. अशा हजारो खासगी क्षणांमधूनच ती वस्तू राष्ट्राची झाली.

म्हणूनच या आठवणींकडे तुच्छतेने बघणारे मला पटत नाहीत. 'काळ बदलला, पुढे चला' म्हणणाऱ्यांना कळत नाही की बहुतेक माणसांचा शासनाशी आलेला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात निरुपद्रवी संबंध हाच होता. पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत जाताना माणूस दबून जातो. टपालपेटीपाशी तो दबत नाही. तिथे ओळख लागत नाही, जात विचारली जात नाही, चिरीमिरी द्यावी लागत नाही. तिकीट लावायचं, पत्र टाकायचं, ते पोचणार. ज्यांनी हे अनुभवलं त्यांचं त्या पेटीवरचं प्रेम नागरिकत्वाचंच आहे.

माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते आणि आजी गावी. कोकणची निम्मी गृहस्थी मनीऑर्डरवर चालते असं तेव्हा म्हणत, आणि ते आमच्या घराला तंतोतंत लागू होतं. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजून देई आणि फॉर्मच्या खालच्या कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवी. तब्येत बरी आहे, कौलं शाकारून घ्या, पुढच्या महिन्यात जास्त पाठवतो. नवरा-बायकोचा सगळा संवाद एवढाच आणि तोही तिसऱ्याच्या तोंडून. हे मला आईने सांगितलं आहे आणि त्यामुळे खाकी पिशवी दिसली की आजही माझ्या मनात काहीतरी हलतं.

पण यावरून कागदी मनीऑर्डर चालू राहायला हवी होती असं मी म्हणणार नाही. आज फोनवरून क्षणात पैसे पोचतात. आजीच्या वेळी हे असतं तर तिला महिना महिना वाट पाहावी लागली नसती, आणि तिला किती पैसे आले हे सबंध वाडीला कळलं नसतं. मनीऑर्डरची खरी हमी अशी होती की ज्याचं बँकेत खातं नाही आणि ज्याला अक्षर येत नाही, त्याच्याही उंबरठ्यावर पैसे येतील. १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेल्या टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन आजही घरी येऊन अंगठ्यावर पैसे देऊ शकतो. जिथे तो खरोखर येतो तिथे मनीऑर्डरसाठी रडायचं कारण नाही, हमीने फक्त कूस बदलली आहे. जिथे तो येत नाही आणि म्हातारी बाई पेन्शनसाठी तालुक्याला हेलपाटे घालते, तिथे मात्र भांडायला हवं.

तारेच्या बाबतीत आपण भांडलो नाही. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली प्रायोगिक तार गेली आणि जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी तार कार्यालयांत गर्दी लोटली. आयुष्यात कधी तार न केलेली तरुण मुलंही आली, स्वतःच्याच पत्त्यावर आठवण म्हणून तार पाठवून गेली. त्या वेळेपर्यंत तार खरोखर वापरणारे कोण होते? रजेच्या अर्जासोबत घरचा निरोप दाखवावा लागणारे जवान, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, ज्यांना तारीख-वेळेसह शिक्क्याचा पुरावा हवा होता असे लोक. त्यांच्यासाठी पर्याय काय, यावर किती चर्चा झाली? शेवटच्या दिवसाचे फोटो भरपूर निघाले. सेवा तोट्यात होती हे खरं, ती कायम चालवणं शक्यही नव्हतं. पण सेवा बंद करताना तिच्यावर शेवटपर्यंत विसंबून असलेल्यांची यादी आधी जाहीर व्हावी, त्यांची सोय लावली जावी, ही अपेक्षा वाजवी आहे. आपण ती केली नाही, कारण आपलं लक्ष आपल्या आठवणीकडे होतं.

स्मरणरंजनाची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आपण आपलं बालपण आणि देशाचा तो काळ एकमेकांत मिसळतो. आपण लहान होतो, आईवडील हयात होते, संध्याकाळी अंगणात माणसं होती म्हणून तो काळ गोड वाटतो, आणि मग तो गोडवा आपण त्या काळच्या राज्यव्यवस्थेला बहाल करतो. आकाशवाणीचंच बघू. पहाटेची ती धून ऐकली की साठी ओलांडलेल्या माणसाचा गळा दाटून येतो. ती बांधण्याचं श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. हे बोहेमियातले ज्यू संगीतकार, नाझींच्या छायेतून १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळू लागले. या देशाची सर्वांत ओळखीची धून एका निर्वासिताने दिली, याचा मला अभिमान वाटतो. कोण आपलं आणि कोण परकं याची मोजमापं रोज चालू असताना ही गोष्ट शाळांमधून सांगितली पाहिजे.

पण त्याच आकाशवाणीने हार्मोनियमवर १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ बंदी ठेवली होती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार केलं. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणि २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा याच आकाशवाणीवरून झाली. पुढचे जवळजवळ एकवीस महिने रोज सकाळी धून तीच होती आणि त्यानंतर येणाऱ्या बातम्या सरकारने चाळलेल्या होत्या. धून गोड होती म्हणून बातम्या खऱ्या ठरत नाहीत. ज्यांना तो काळ 'एकच वाहिनी होती पण किती छान होतं' असा आठवतो, त्यांनी ती एकच वाहिनी कुणाच्या ताब्यात होती हेही आठवावं. आठवणीवर माझा आक्षेप नाही. तिने अर्धं पुसून टाकलेलं असतं, ते परत लिहावं लागतं.

आणि सगळ्यांची आठवण एक नसते. सिंहाची मुद्रा असलेलं नाणं सर्वांचं होतं. पण दलित आत्मकथनं वाचा. दुकानदार माल वरून टाकतो, नाणं हातातून न घेता खाली ठेवायला लावतो, त्यावर पाणी शिंपडून मग उचलतो, असे अनुभव त्यांत पुन्हा पुन्हा येतात. नाणं तेच, टांकसाळ तीच, घटनाही तीच. ज्याने ते नाणं जमिनीवर ठेवलं त्याच्या मनात त्याची कोणती आठवण राहील? पंचवीस पैशांवरच्या गेंड्याबद्दल आपण हळवेपणाने बोलतो तेव्हा 'आपण सगळे' हा शब्द जपून वापरला पाहिजे.

गेंड्याचं ते नाणं ३० जून २०११ नंतर व्यवहारातून बाद झालं. त्याने काहीच विकत मिळत नव्हतं, ते बाद होणं योग्यच होतं. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली तेव्हा आण्यांची सवय असलेल्या पिढीला नवे पैसे खोटे वाटले असणार, आणि नव्या पैशांवर वाढलेल्यांना आजची नाणी खोटी वाटतात. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीचं चलन हेच खरं चलन वाटतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद घालण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे डोळसांचं लक्ष नव्हतं. जुन्या गांधी मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, हजाराची १७७. दर टप्प्याला दहा मिलिमीटरचा फरक. दृष्टिहीन माणूस बोटांनी तो ओळखत असे. २०१६ नंतरच्या मालिकेत पन्नासपासून वरच्या सगळ्या नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर झाली आणि लांबीतला फरक आक्रसला. दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटर. रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या अंध माणसाने गर्दीत, ग्राहक घाईत असताना, चार मिलिमीटरवरून नोट ओळखायची. आपण तेव्हा काय बोलत होतो? रंग भडक आहेत, नोट खेळण्यातली वाटते, जुनी किती भारदस्त होती. आमच्या सौंदर्यदृष्टीला लागलेली ठेच आम्ही मोठ्याने सांगितली. ज्याच्या रोजीरोटीवर घाला आला त्याचं गाऱ्हाणं न्यायालयाच्या पायऱ्या चढून मांडावं लागलं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखणारं 'MANI' हे ॲप आणलं, म्हणजे नोट ओळखायला आता फोन लागणार. नाण्यांच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली. २०१९ मध्ये जाहीर झालेली मालिका दृष्टिहीनांचा विचार करून, किंमत वाढेल तसं आकार आणि वजन वाढेल अशी केली गेली. पण त्याआधीच्या काळात रूपं इतक्या वेळा बदलली होती की दहाच्या नाण्याची चौदाही रूपं खरी आहेत हे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करून सांगावं लागलं, कारण दुकानदार ती घेईनात. नाणं देखणं असावं, पण त्याआधी ते अंधारात आणि घाईतही ओळखू यावं आणि कुणी नाकारू नये. चलनाचं राष्ट्रीयत्व एवढ्यातच आहे.

झेंड्याबद्दल मात्र माझं मन सरळ एका बाजूला जात नाही. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि सामान्य नागरिकाला वर्षभर आपल्या घरावर तिरंगा लावण्याची मोकळीक मिळाली. त्यामागे नवीन जिंदल यांची न्यायालयीन लढाई होती आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. झेंडा कचेरीवरून उतरून घरावर आला. पण डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर बनलेल्या झेंड्यालाही परवानगी दिली. घरोघरी झेंडा पोचवायचा तर तो स्वस्त हवा, हा युक्तिवाद मला कळतो. खादीचा झेंडा महाग असतो हेही खरं. तरीही नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत, हुबळीजवळ बेंगेरीला, ज्या हातांनी वर्षानुवर्षं ध्वजाचं कापड विणलं आणि शिवलं, त्या हातांचं काय होणार हे या निर्णयाआधी ठरायला हवं होतं. इथे जुन्याची ओढ मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण खादीचा आग्रह डोळ्यांच्या सवयीतून आलेला नव्हता. त्यात एका गरिबाची मजुरी होती. झेंड्याच्या कापडातच देशाचा अर्थविचार विणलेला होता. सरकारी इमारती, शाळा, ग्रामपंचायती यांनी तरी खादीचाच ध्वज घ्यावा आणि त्याची किंमत सरकारने भरावी, अशी मागणी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास कुणी का करत नाही? पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या झेंड्यांचे फोटो टाकून संताप व्यक्त करणं सोपं आहे.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं मला इथे उपयोगी वाटतात. पूर्व बर्लिनमध्ये १९६१ साली कार्ल पेग्लाऊ यांनी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या दिव्यासाठी टोपीवाला छोटा माणूस रेखाटला. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे दिवे काढून पश्चिमेचे बसवायला सुरुवात झाली. लोकांनी विरोध केला आणि तो टोपीवाला टिकला, इतकंच नाही तर पुढे पश्चिम बर्लिनमध्येही आला. पूर्व जर्मनीच्या त्या राज्याने भिंत बांधली, शेजाऱ्यांना एकमेकांवर हेरगिरी करायला लावली. ते राज्य लोकांना परत नको होतं. पण रस्ता सुरक्षित ओलांडायला लावणारं एक चांगलं, ठळक चित्र त्यांनी त्या राज्यापासून वेगळं काढून जपलं. स्मरणरंजन असं विवेकी असू शकतं.

दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. तिथल्या सरकारी टपालसेवेची सुरुवात १६२४ सालची. डिसेंबर २०२५ अखेर तिने पत्रं पोचवणं थांबवलं. रस्त्यांवरच्या लाल पेट्या काढून विकल्या गेल्या आणि लोकांनी त्या उत्साहाने विकत घेतल्या. पत्रं आता खासगी कंपनी नेणार. तिथे बहुतेक कारभार संगणकावर चालतो, लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढीही नाही, त्यामुळे तुलना ताणू नये. पण पेटी अंगणात आणि सेवा बंद, या अवस्थेचं मला भय वाटतं. आपल्याकडेही जुन्या पेट्या हॉटेलांच्या दारात शोभेला दिसू लागल्या आहेत.

उलट कुणाच्या भावनेला हात न घालता आलेलं एक चिन्ह आपल्याकडे आहे, पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात काव्य आणि नाटकं लिहिणारे कवी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, पत्रं वेगळी करणाऱ्यांची तारांबळ. यावर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. त्यावर सिंह नाही, चक्र नाही, घोषणा नाही. महाराष्ट्रातल्या संकेताची सुरुवात तेवढी ४ ने. तरीही लहानपणीच्या घराचा पिनकोड अनेकांना तोंडपाठ असतो, जिथे ते घरही आता उभं नाही. काम चोख केलं की माया आपोआप जडते, हे वेलणकरांच्या सहा अंकांनी दाखवलं.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा संकेत. तो पाठ होणार नाही, त्याच्या आठवणी कुणी काढणार नाही. तरीही मी त्याचं स्वागत करतो. पारधी वस्ती, तांडा, झोपडपट्टीतली गल्ली, धरणामुळे उठून नव्या जागी वसलेली वाडी, यांना कधी धड पत्ताच नव्हता. 'अमक्याच्या वाड्यामागे' असा पत्ता सांगणाऱ्यांना पत्र उशिरा मिळतं आणि रुग्णवाहिका त्याहून उशिरा. त्या घरांपर्यंत हा संकेत पोचला आणि सरकारी अर्जांवर तो पत्ता म्हणून स्वीकारला गेला, तर पिनकोडनंतरचं हे सर्वांत मोठं काम ठरेल. फोनवर ठिकाण शोधायची सोय एवढाच त्याचा वापर झाला, तर ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांनाच ते आणखी मिळेल.

आपली ओढ योग्य जागी वळली तर तिचा उपयोग होतो, याचा पुरावा पुण्यातच आहे. २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध पुण्यातून आवाज उठला आणि निर्णय थांबवावा लागला. धून ऐकून गहिवरणं एक आणि आपल्या भाषेतल्या, आपल्या भागातल्या बातम्यांसाठी उभं राहणं दुसरं. तिथे आठवण दुसऱ्या कामाला लागली.

टपालाच्या बाबतीत आता तशीच वेळ आहे. १८५४ मध्ये पत्राचा दर अंतरावरून काढून वजनावर आणला गेला. इंग्रजांनी हे आपल्यावरच्या प्रेमापोटी केलं नव्हतं, त्यांना राज्य आणि व्यापार चालवायचा होता. पण त्यातून एक विलक्षण समता जन्मली. गडचिरोलीच्या माणसाला दिल्ली आणि दिल्लीच्या माणसाला गडचिरोली सारखीच जवळ झाली. ही समता फुकट येत नाही. शहरातल्या स्वस्तात पोचणाऱ्या पत्रांनी दुर्गम भागातल्या पत्रांचा खर्च उचलायचा, अशी ती रचना होती. १८९८ च्या कायद्याने पत्रं वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारला दिला होता, त्यामागे हाही आधार होता. २०२३ चा टपाल कार्यालय अधिनियम जून २०२४ पासून लागू झाला. त्यात हा एकाधिकार उरलेला नाही. उरला आहे तो फक्त टपालतिकिटं काढण्याचा एकाधिकार.

शहरातली फायद्याची टपाल कुरिअर कंपन्यांनी न्यायची आणि डोंगरातली टपाल खात्याने, तर तोटा वाढणारच. मग दोन-चार वर्षांनी तोच तोटा दाखवून आणखी एक सेवा बंद करायची आणि आपण पुन्हा पोस्टमनच्या आठवणी काढायच्या, हे मला दिसतं आहे. तोटा भरून काढायचा असेल तर तो दुर्गम सेवेचा खर्च म्हणून अर्थसंकल्पात वेगळा दाखवून उघडपणे भरावा. आपण पोस्टकार्ड त्याच्या खर्चाच्या कितीतरी कमी किमतीत देतो, ते मला देशाने केलेल्या चांगल्या खर्चांपैकी एक वाटतं. एखादी सेवा विलीन किंवा बंद करण्याआधी ती कोण वापरतं, त्यांना पर्याय कोणता आणि त्याचा दर किती, याचं निवेदन संसदेपुढे आलं पाहिजे. गावातलं टपाल कार्यालय हलवायचं तर ते ग्रामसभेत मांडलं पाहिजे. आणि साध्या पत्राचा आणि नोंदणी केलेल्या पत्राचा दर देशभर अंतराविना एकच राहील, ही ओळ कायद्यात यायला हवी. तिकीट काढण्याचा अधिकार फक्त सरकारचा, हे कायद्यात लिहिता आलं. मग ते तिकीट लावलेलं पत्र कुठेही त्याच दरात जाईल, हेही लिहिता येतं.